या पिवळ्यात काय आहे?

रंगांच्या बाबतीत 'नैसर्गिक' हा शब्द आपण काही वर्षं वापरायचाच नाही, असं ठरवून टाकावं. या शब्दाने आपल्याला काहीच कळत नाही. नुसतं कळलं नसतं तरी चाललं असतं, पण हा शब्द कानावर पडला की आपण पुढचा प्रश्न विचारायचं थांबतो. विकणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

मी चाकण एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत पेंट शॉपची क्वालिटी बघते. आमच्याकडे पिवळा रंग ड्रमने येतो. ड्रमवर बॅच नंबर असतो, बनवल्याची तारीख असते, मुदत असते. सोबत सेफ्टी डेटा शीट येते. आत कोणतं रसायन किती टक्के आहे, डोळ्यात उडालं तर काय करायचं, अंगावर सांडलं तर काय, आग लागली तर पाणी मारायचं की फोम, सगळं त्यात लिहिलेलं असतं. शेड कार्डाशी रंग जुळला नाही तर ड्रम परत जातो. कस्टमर ऑडिटला आलेला माणूस ही शीट मागतो आणि ती फाइलला सापडली नाही तर आमच्या नावावर एनसी पडते. हे सगळं कशासाठी, तर एका लोखंडी ब्रॅकेटसाठी. तो पुढे कुठल्या तरी मशिनच्या पोटात जाऊन बसणार असतो आणि पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नसतो.

आता मार्च महिन्यात मोशी, चिखली, रावेत, वाकड, कुठल्याही सोसायटीच्या गेटवर मांडलेल्या टेबलावरची 'हर्बल' पिवळी पुडी उचला आणि उलटी करून बघा. पुढे फुलाचं चित्र, मागे एक हिरवं पान. 'त्वचेला सुरक्षित'. 'केमिकल फ्री', जणू पाणी, मीठ आणि तुरटी ही केमिकल्स नव्हेतच. घटकांची यादी बहुतेक वेळा नसते. असलीच तर 'नॅचरल कलर' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे नैसर्गिक रंगात नैसर्गिक रंग आहे. कोणतं झाड, कोणता भाग, पिठात किती मिसळलाय, कुणी मिसळलाय, काही नाही. ब्रॅकेटला लागणाऱ्या पिवळ्याची जन्मपत्रिका आपल्याकडे आहे. चार वर्षांच्या पोराच्या गालाला लागणाऱ्या पिवळ्याची नाही.

मला याचा राग येतो, कारण हा पट्टा अडाणी नाही. पिंपरीपासून चाकणपर्यंत ज्यांच्या हातात आज मोबाइल आहे, त्यातल्या हजारो जणांचं पोटच मुळी 'यात काय आहे, दाखवा' या प्रश्नावर चालतं. तो प्रश्न आपण गेटपास दाखवून बाहेर पडताना कंपनीतच ठेवून येतो.

खरा पळसाचा पिवळा कसा असतो ते आधी सांगते, म्हणजे पुडीतला कसा नसतो ते कळेल.

पळस फुलतो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं झडलेली असताना. फूल केशरी, पण त्यातून निघणारा रंग पिवळा. फुलं सावलीत वाळवतात, रात्रभर पाण्यात भिजवतात किंवा उकळतात. फुलात ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन अशी साखरेला बांधलेली द्रव्यं असतात. किंचित आम्ल घालून उकळलं की ती साखर सुटते आणि ब्युटीन नावाचं पिवळं द्रव्य मोकळं होतं. याच पाण्यात चुन्याची निवळी किंवा सोडा पडला की रंग केशरीकडे सरकतो. रंगपंचमीला पिचकारीत भरायचं तर एवढं पुरे. कापड रंगवायचं असेल तर मात्र नुसत्या पाण्याने भागत नाही, पहिल्याच धुण्यात रंग निघून जातो. आधी कापडाला तुरटी द्यावी लागते. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम एका हाताने धाग्याला धरतं आणि दुसऱ्या हाताने रंगाला. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी दिलं तर तोच पळस मळकट हिरवा-तपकिरी होतो. आणि इतकं करूनही हा पिवळा उन्हात टिकत नाही. आमच्या लॅबमध्ये रंगाला कृत्रिम उन्हात ठेवायचं यंत्र आहे. त्यात पळसाने रंगवलेला रुमाल ठेवायचा धीर मला झालेला नाही.

वाळलेलं फूल कुटून केलेली पूड तर अजूनच साधी. मळकट, तपकिरीकडे झुकलेली, चमक नावालाही नाही. हळद आणि पिठाची पूड तिच्यापेक्षा उजळ असते, पण तीही झगमगत नाही. तेव्हा पुडीतला पिवळा जर ट्रॅफिक पोलिसाच्या जॅकेटसारखा वीस फुटांवरून डोळ्यात घुसत असेल, तर तो कुठल्याही फुलातून आलेला नाही, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

पळसच एकटा आहे असंही नाही. पिवळा हा झाडांकडून मिळणारा सगळ्यात स्वस्त रंग आहे. प्राधिकरणातल्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणाला पारिजातक असतो. सकाळी बाई झाडूने त्याचा सडा कचऱ्यात लोटते. त्या फुलाच्या नारिंगी देठात क्रोसेटिन असतं, म्हणजे केशराचा रंग ज्यातून येतो तेच द्रव्य. रेशीम रंगवायला हे देठ वापरत. डाळिंबाच्या सालीतून पिवळा निघतो आणि ज्यूसवाल्यांच्या गाड्यांमागे त्या सालींनी पोती भरलेली असतात. फणसाच्या खोडाचा गाभा पिवळाधमक असतो. थायलंड-म्यानमारकडचे भिक्खू त्याच्या ढलप्या उकळून चीवर रंगवत आले. आपल्या देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथे आज दिसणाऱ्या चीवरांचा रंग कुठून येतो, असा प्रश्न माझ्यासारख्या रंगाच्या धंद्यातल्या बाईलाच पडत असावा. आणि तो सोनमोहोर, ज्याच्या पिवळ्या पाकळ्या उन्हाळ्यात आपल्या रस्त्यांवर पसरतात. आपण त्याला शोभेचं झाड म्हणून लावलं. जावामधले बाटिक करणारे लोक मात्र त्याच्या सालीतून 'सोगा' नावाचा पिवळट-तपकिरी रंग काढतात, आणि त्यांच्या पारंपरिक बाटिकची ओळखच त्या रंगाने होते. आपल्या डोक्यावर रंगाचं झाड आहे आणि आपण त्याखाली गाडी पार्क करून पाकळ्यांनी काच घाण झाली म्हणून कुरकुरतो.

इथे कुणाला वाटेल, आता ही बाई म्हणणार, कृत्रिम रंग वाईट, आजीच्या काळात सगळं छान होतं. नाही म्हणणार. माझ्या आजीच्या काळातही कापड गिरणीतूनच रंगून येत होतं. विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ मध्ये क्विनाइन बनवायला जाताना चुकून जांभळा रंग बनवला आणि पुढच्या पन्नास वर्षांत झाडांच्या रंगांचा बाजार उठला. गंमत पुढे आहे. याच पर्किनचा मुलगा आर्थर जॉर्ज पर्किन आयुष्यभर झाडांच्या रंगांचं रसायनशास्त्र शोधत बसला. आपल्या पळसाच्या फुलातल्या पिवळ्याचा अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव आहे. १९१८ मध्ये त्याने वनस्पतींतल्या रंगद्रव्यांवर जाडजूड ग्रंथ काढला. बापाने ज्यांची गरज संपवली, त्यांची नोंद मुलाने ठेवली. त्या ग्रंथात 'नैसर्गिक, त्वचेला सुरक्षित' अशा भाषेत काही सांगितलेलं नाही. कोणतं झाड, कोणता भाग, कोणतं द्रव्य, कोणत्या धातूबरोबर कोणती छटा, असं आहे. मला तेवढंच हवंय. शंभर वर्षांपूर्वी जे छापून झालं, ते आजच्या पुडीवर का नसावं?

नैसर्गिक म्हणजे निर्धोक हे तर साफ खोटं आहे. गार्सिनिया जातीच्या काही झाडांच्या चिकातून गॅम्बोज नावाचा सुंदर पिवळा मिळतो. चित्रकार तो वापरत. तोच पोटात गेला तर जहाल जुलाब होतात. झाडाचा रंग क्रोमच्या क्षाराने कापडावर पक्का केला तर फूल नैसर्गिक राहतं, पण गटारात जातं ते क्रोमच. दुसऱ्या बाजूला, कृत्रिम म्हणजे विषारी हेही खोटं. प्रश्न दर वेळी 'नेमकं काय' हाच असतो. मेटॅनिल यलो आणि ऑरामिन या पिवळ्यांना अन्नात परवानगी नाही. लेड क्रोमेट या पिवळ्यात शिसंही आहे आणि क्रोमही. हा कारखान्यांचा जुना आवडता रंग. झळाळतो, झाकतो, उन्हात टिकतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमच्या वर नको, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. नियमाच्या नावातच 'घरगुती आणि सजावटीचे' आहे. औद्योगिक रंगाचा ड्रम त्या नावाच्या बाहेर उभा आहे. माझं माझ्या स्वतःच्या धंद्याशीही भांडण आहे, हे यावरून लक्षात यावं.

आणि प्रश्न विचारल्याने काय होतं याचं उदाहरण शेजारी आहे. बांगलादेशात हळद उजळ दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळत. हो, तोच रंगाच्या डब्यातला. संशोधकांनी हे उघडकीस आणलं, बाजारात तपासण्या झाल्या, दंड झाले, लोकांना सांगितलं गेलं. २०१९ मध्ये बाजारातल्या हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. दोन वर्षं. कुणी 'नैसर्गिक हळद वापरा' असं अभियान काढलं नव्हतं. हळद नैसर्गिकच होती की. आत काय आहे ते मोजलं आणि विकणाऱ्याला पकडलं. आकुर्डीच्या खंडोबाला आणि निमगावला भंडारा उधळणाऱ्यांनीही हे वाचावं, कारण तो नुसता उधळला जात नाही, जिभेवरही ठेवला जातो.

आता दुसऱ्या टेबलाकडे येते. पुडीचं टेबल गेटवर असतं, हे क्लब हाउसमध्ये असतं. दिवाळीच्या आधी प्रदर्शन लागतं. 'व्हेजिटेबल डाय' दुपट्टे, हजार, दीड हजार, दोन हजार. इथे फसवणूक नसतेच असं नाही, पण धरून चालू की दुपट्टा खरा आहे. पिवळा आहे, मऊ आहे, सुंदर आहे. मी विचारते, कशाने रंगवलाय? उत्तर येतं, 'नॅचरल डायने'. कोणत्या? 'फुलं, पानं, मुळं…' तीन ठिपक्यांसकट.

सुती कापडावर झाडाचा रंग चढवायचा तर फार वेळा आधी हिरडा लागतो. हिरड्याच्या फळात टॅनिन भरपूर असतं. त्याची भुकटी पाण्यात कालवून कापड बुडवलं की ते फिकट पिवळं होतं, त्यावर तुरटी दिली की पिवळा खुलतो, लोखंड दिलं की काळा. कलमकारी असो की अजरख, कापडाची सुरुवात हिरड्याच्या पाण्यातच होते. इंग्रजांच्या काळात हा हिरडा कातडी कमावायला आणि रंगाला बोटी भरभरून विलायतेला जायचा. तिकडच्या व्यापारात त्याच्या प्रतींना ज्या-त्या ठिकाणांची नावं होती, आणि त्यातली एक प्रत होती 'व्हिंगोर्ला', म्हणजे आपलं वेंगुर्ला.

हा हिरडा आपल्यापासून किती लांब आहे? चाकणहून राजगुरुनगर, वाड्यावरून भीमाशंकरच्या रस्त्याला लागा. खेडचा पश्चिम भाग, आंबेगाव, जुन्नर. या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करतात. झाडावर चढून, उन्हाळ्याच्या तोंडावर. कोवळ्या फळाला बाळहिरडा म्हणतात, तो वाळवून औषधवाल्यांकडे जातो. पिकलेला मोठा हिरडा रंगाला आणि कातड्याला. भामा नदी याच डोंगरांकडून येते आणि भामा-आसखेडचं पाणी आपल्या शहरांना मिळावं म्हणून आपण किती भांडलो, ते सगळ्यांना माहीत आहे. पाण्यासाठी ते डोंगर आपल्याला जवळचे वाटतात. हिरड्यासाठी वाटत नाहीत.

केंद्र सरकारने २०२० मध्ये जाहीर केलेल्या गौण वनोपजांच्या यादीत हिरड्याची किमान आधारभूत किंमत होती किलोला १५ रुपये. (बाळहिरड्याला व्यापारी याहून बरंच जास्त देतात, पण तो रंगात येत नाही.) आता हिशेब करू, आपल्याला सवय आहे. दुपट्टा २०० ग्रॅम धरा. हिरड्याची भुकटी कापडाच्या वजनाच्या पाचवा हिस्सा, म्हणजे ४० ग्रॅम. १५ रुपये किलोने साठ पैसे. दीड हजारांच्या दुपट्ट्यात झाड सांभाळणाऱ्याचे साठ पैसे. रंगवणाऱ्याचे कष्ट मोठे आहेत, पाणी, सरपण, वाया जाणारं कापड, दुकानाचं भाडं, सगळं मान्य. त्यांना कमी द्या असं मी म्हणत नाही. पण ज्या गोष्टीच्या नावावर दुपट्टा विकला जातो, जिचं चित्र टॅगवर असतं, तिचे साठ पैसे? आणि तिचं नावही नाही? आमच्या कंपनीत नटबोल्ट पुरवणाऱ्याचं नाव कंट्रोल प्लॅनमध्ये असतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि या भागात हिरड्याची झाडं मोडली, उन्मळली. भातशेतीचं नुकसान झालं तर काय करायचं हे सरकारला ठाऊक असतं. हिरडा मात्र शेतातलं पीक नाही, म्हणून त्याच्या भरपाईसाठी लोकांना मोर्चे काढावे लागले, उपोषणं करावी लागली, वर्षानुवर्षं पाठपुरावा करावा लागला. आदिवासी विकास महामंडळाने हिरडा खरेदी करावा, ही मागणीही रस्त्यावर उतरूनच करावी लागते. चक्रीवादळाला नाव 'निसर्ग', रंगाला नाव 'नैसर्गिक', आणि मधल्या माणसाला काय म्हणायचं ते सरकारी कागदात अजून नीट ठरलेलं नाही.

एवढं झाल्यावर झाडाकडे येते, कारण रंग शेवटी तिथून येतो.

आपल्या पट्ट्याच्या नावांतच झाडं आहेत. चिंचवडमध्ये चिंच आहे आणि वड आहे. पुढे आंबेठाण, जांबे. पळसाचंही तसंच, इंदापूरकडे पळसदेव, कर्जतकडे पळसदरी. म्हणी वाचल्या, झाडं गेली. 'कुठेही जा, पळसाला पानं तीनच' ही म्हण सांगणाऱ्या दहा पोरांना पळसाचं पान दाखवा आणि ओळखायला सांगा.

पळस वाढतो हलक्या, मुरमाड, उतरत्या जमिनीवर, जिथे दुसरं फारसं काही येत नाही. तोडला तरी मुळांतून पुन्हा फुटतो, गुरं खात नाहीत. पत्रावळी त्याच्या, मुंजीतला दंड त्याचा, लाखेचा किडा त्याच्यावर वाढतो. आणि चाकणभोवती सपाटीकरणाला पहिली हीच जमीन जाते. शेतीला निरुपयोगी म्हणून स्वस्त, रस्त्याला लागून म्हणून महाग. गोदामासाठी पोकलेन लागतो आणि दोन दिवसांत उतार सपाट होतो. मुळंच उचलली गेली की पुन्हा फुटायचा प्रश्न येत नाही. मग ५ जूनला पर्यावरण दिन. त्याच गोदामाच्या कंपाउंडला शोभेच्या झाडांची दोनशे रोपं लागतात, टी-शर्ट वाटले जातात, फोटो निघतात. मी अशा फोटोंत दोनदा उभी राहिले आहे, खड्डा खणणाऱ्या कंत्राटी मुलांना बाजूला व्हायला सांगून.

कायदा काय म्हणतो? महापालिका हद्दीतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. गावाकडच्या जमिनींसाठी आहे तो १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा. त्याला सोळा झाडांची यादी जोडलेली आहे, ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत हिरडा आहे, फणस आहे. साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन आहेत. पळस नाही. चाकणच्या माळावर उभ्या असलेल्या पळसाशी या कायद्याला काही देणंघेणं नाही. सत्तर वर्षांचा पळस आणि घाणेरीचं झुडूप त्याच्या लेखी सारखंच.

आमच्याच लाइनवरचा एक जण मला म्हणाला, 'मॅडम, झाडं-फुलं ठीक आहे, पण या एमआयडीसीनेच आपल्याला खायला घातलंय.' घातलंय. मलाही. म्हणून तर मला तिची पद्धत तिच्याच भाषेत तिच्यावर लावायची आहे. आणि हा पट्टा गप्प बसणारा होता असंही नाही. २००८ मध्ये शिंदे-वासुली भागात डाऊ केमिकलचं संशोधन केंद्र येणार होतं. तुकोबांचा भामचंद्र डोंगर जवळ, इंद्रायणीचं खोरं जवळ. गावकरी आणि वारकरी उभे राहिले, कारण इथे नेमकं काय बनणार आणि पाण्यात काय जाणार, हे त्यांना कुणी पटेल असं सांगू शकलं नाही. शेवटी कंपनीने पाय काढता घेतला. त्या आंदोलनाच्या जाळपोळीवर वाद घाला, घालायलाच हवा. पण आत काय आहे हा प्रश्न त्या लोकांनी विचारला. तोच प्रश्न आपल्याला वीस रुपयांच्या पुडीला विचारता येत नाही?

वीस रुपयांवरून आणखी एक. हे सगळं सोसायटीवाल्यांचं कौतुक आहे, कामगार वस्तीतला माणूस स्वस्त रंगच घेणार, असं म्हणतात. महाळुंगे-निघोजेच्या खोल्यांतून राहणाऱ्या उत्तर प्रदेशातल्या पोरांना विचारा. त्यांच्याकडे पळसाला 'टेसू' म्हणतात आणि ब्रजमधली होळी अजून टेसूच्या पाण्याने खेळली जाते. खेडचा शेतकरी त्याला पळस म्हणून ओळखतो, तो पोरगा टेसू म्हणून. एका झाडाखालून दोघं शेअर रिक्षाने जातात. झाड उभं असेल तर फुलं खाली पडलेलीच असतात, फुकट. एक पातेलं पाणी आणि एक रात्र लागते. हा श्रीमंतांचा छंद झालाय, कारण झाड तोडून आपण त्याचा दुपट्टा केलाय.

कापडाचे सगळे कारखाने पळसावर चालवा, असं कुणी मला चिकटवू नये. कापडाच्या वजनाइतकी तरी वाळलेली फुलं लागतात, दोन पावसाळ्यांत रंग उडतो. मोटारसायकलला तर तो लागतच नाही. झाडाचा पिवळा थोडाच असणार आणि थोड्याच गोष्टींना पुरणार. म्हणून तर तो कोणता, कुठला, कशाने धरलेला, हे लिहिणं सोपं आहे. मोठ्या रिअ‍ॅक्टरमधल्या रंगाची शीट मिळते आणि एका टोपलीची मिळत नाही?

सोसायटीच्या कमिटीत तुमच्यापैकी कुणी असेल तर यंदा टेबल लावू देण्याआधी तीन ओळी मागा: झाडाचं नाव, रंग धरायला काय घातलंय, बनवणाऱ्याचा पत्ता. नसेल तर टेबल नको. ज्यांच्या कंपनीत सीएसआरची रोपं ठरतात, त्यांनी पळस मागावा. नर्सरीवाला 'वाढायला हळू आहे' म्हणेल, म्हणू द्या. दुपट्टा घेताना हिरडा कुठला, हे विचारा. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर त्याला ते शोधावं लागेल आणि शोधताना कधीतरी तो आंबेगावला पोचेल.

आणि सोळा झाडांच्या यादीत सतरावं नाव घालायचं काम मुंबईचं असलं तरी मागणी इथूनच जायला हवी, ठराव करून. शिंदे, वासुली, भांबोली, सावरदरी, वराळे, आंबेठाण, या गावांना अजून ग्रामसभा आहेत. एक ग्रामसभा २६ जानेवारीला भरते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत पळसाला कळ्या धरतात, काळ्या, मखमली, नखाएवढ्या.